उशिरा चढतो, उशिरा उतरतो

नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीत जाऊन नुसतं ‘धूप द्या’ म्हटलं, की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे पाहतो. ‘कोणता, भाऊ?’ हा प्रश्न तो चिडवायला विचारत नाही. त्याच्या मागच्या फळीवर राळ असते, गुगुळ असतो, ऊद असतो, लोबान म्हणून विकले जाणारे तांबूस-पांढरे खडे असतात. मी ‘सालईचा’ म्हणतो, तेव्हा तो खाली वाकतो. सालईचा डबा फळीवर नसतो, पायाशी असतो. त्यातल्या मालाला खडा म्हणता येत नाही. काकवी आणि गूळ यांच्या अधेमधे कुठेतरी अडकलेला, हिरवट-पिवळा, सालीचे तुकडे, माती आणि एखाद्या मुंगीसकट लिबलिबीत गोळा असतो तो. सुरीने लचका तोडून दुकानदार तो वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. घरी पोचेपर्यंत कागद आणि डिंक एकजीव होतात. मग कागद सोलत बसायचं, बोटं बरबटून घ्यायची आणि बरबटलेली बोटं नकळत नाकाशी न्यायची. सालईच्या धुपाचा आस्वाद मी तरी इथूनच घ्यायला लागतो; विस्तव अजून पेटायचा असतो.

त्या बोटांना येणारा पहिला वास देवघराची आठवण करून देत नाही. कैरीचं देठ मोडल्यावर जो चीक उडतो, त्याचा तो वास. त्याच्या मागोमाग संत्र्याची साल चिमटीत दाबल्यावर डोळ्यांत जातो तो झणका, आणि तळाला थोडं टर्पेंटाइन, रंगाऱ्याच्या डब्यातलं. मला ही साम्यं आधी आपल्याच नाकाचे लाड वाटायची. पण वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत सालई, आंबा, संत्रं आणि कडुनिंब ही एकाच गणातली, सॅपिंडेलीसमधली, भावकी आहे. कुळं वेगळी, गण एक. नागपूरकराच्या अंगणात कडुनिंब असतो, परसात आंबा, काटोल-नरखेडकडे शेत असेल तर संत्र्याची बाग. या घरोब्यातली सालई तेवढी वेशीबाहेर राहिली.

वेशीबाहेर म्हणजे फार लांब नाही. शहराला लागून सालई गोधनी नावाचं गाव आहे. झाड गावाच्या नावातच आहे. रामटेकच्या पुढे पेंचच्या बाजूला निघालं, की टेकड्यांच्या माथ्यावर ती दिसू लागते. जिथे माती कमी, दगड जास्त, पाणी टिकत नाही आणि सागसुद्धा खुरटा होतो, तिथे सालई घोळक्याने उभी असते. मेळघाटात तर डोंगरच्या डोंगर तिच्या नावावर आहेत. राखाडी-हिरवट खोड, त्यावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटत असतात. पानं कडुनिंबासारखी, कडेला दातेरी, फांदीच्या टोकाशी गर्दी करून आलेली. तिच्या शास्त्रीय नावातला ‘सेराटा’ हा शब्द त्या दातांवरूनच आला आहे. पूर्ण नाव बॉसवेलिया सेराटा. थंडी सरता सरता ती पानं टाकून देते आणि उघड्यावाघड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुलं येतात. खोडाला खाच दिली, की डिंक पाझरतो. थंडीपासून उन्हाळाभर तो गोळा करतात, पावसापूर्वी हात आवरता घेतात. अरबस्तानातल्या डिंकासारखा तो झाडावरच वाळून टणक थेंब होत नाही, बराच काळ ओलसर राहतो. बाजारात त्याची पत पायाशी गेली, त्याला हा ओलेपणाही कारण असावा.

आता नावांचा गोंधळ एकदा निस्तरून टाकू. ज्याला इंग्रज फ्रँकिन्सेन्स म्हणतात, त्याला अरबीत ‘लुबान’ म्हणतात. अरब व्यापाऱ्यांनी सुमात्रा-जावाकडचा एक वेगळाच सुगंधी डिंक पाहिला आणि त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा धूप, म्हटलं. आपल्याकडच्या बाजारात त्यातलं जावी गळालं आणि लोबान हे नाव त्या पूर्वेकडच्या डिंकालाच चिकटलं. ‘ऊद’ची कथा याहून गमतीची. अरबीत ऊद म्हणजे अगरू, सुगंधी लाकूड. मराठीत येता येता तो शब्दही त्याच सुमात्रेच्या डिंकावर जाऊन बसला. आणि बाळ येशूला ज्ञानी लोकांनी दिलेल्या भेटींतला फ्रँकिन्सेन्स मराठीत आणायची वेळ आली, तेव्हा बायबलच्या भाषांतरकारांनीही ‘ऊद’च घेतला. दोन परदेशी नावं, दोन्ही आपापल्या झाडांवरून उडून एका तिसऱ्याच झाडावर बसलेली. या धांदलीत खऱ्या फ्रँकिन्सेन्सची सख्खी बहीण इथेच उभी होती. तिला स्वतःचं नाव होतं, संस्कृतातही होतं, शल्लकी किंवा सल्लकी, आणि तिच्या डिंकाला कुंदुरु. तिला कोणाचं नाव उसनं घ्यावं लागलं नाही, म्हणून कदाचित कोणी लक्षही दिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाजारपेठेत एखादा फकीर हातात धूपदान आणि मोरपिसांचा कुंचला घेऊन दुकानादुकानांतून फिरतो, ताजबागेच्या दर्ग्यात त्याच धुराचा पडदा असतो. तो धूर बहुधा त्या पूर्वेकडच्या लोबानचा असतो. त्याला थोडा गोडवा, व्हॅनिलाची झाक असते आणि तो लगेच आवडतो. सालईचा धूर लगेच आवडत नाही. इथेच खरा फरक आहे.

विस्तवाचं सांगतो. शेणाची गोवरी पेटवावी, धूर संपू द्यावा, निखारा लाल झाला तरी थांबावं. वर राखेचा पातळ थर आला, की त्या राखेवर हरभऱ्याएवढा गोळा ठेवावा. बहुतेक जण लालबुंद निखाऱ्यावर सुपारीएवढा लचका टाकतात, भडका उडतो, काळा धूर होतो, घरातलं कोणीतरी खोकतं आणि सालई बदनाम होते. खरं तर या डिंकात तीन वेगळे जिन्नस एकत्र नांदत असतात. निम्म्याहून जास्त राळ, साधारण पाव भाग पाण्यात विरघळणारा गोंद, आणि थोडं उडणारं तेल. तिघांना लागणारी आच वेगवेगळी. भडक्यात तिघं एकदम जळतात, मंद राखेवर ते एकामागून एक बोलतात.

आधी तेल. पहिलं मिनिटभर तोच कैरीचा चीक, पण आता धारदार, स्वच्छ, नाकाच्या वरच्या भागात. त्यात थुजीन आणि पायनीन ही द्रव्यं मुख्य. पायनीन पाइनच्या झाडांतही असतं, म्हणून टर्पेंटाइनची आठवण येते. मग गोळा बुडबुडतो, पसरतो, काचेसारखा होतो आणि राळेची पाळी येते. धूर पांढरा, जड, जमिनीलगत चालणारा. हा भाग लांब चालतो आणि मला सर्वांत प्रिय आहे. उन्हात तापलेला दगड, सागवानी पेटीत ठेवलेलं जुनं कापड, आणि मध्येच लिंबाच्या पानाची चुणूक. शेवटी गोंद करपतो, गूळ कढईला लागल्यासारखा. तिथे चिमट्याने गोळा उचलून टाकावा; शेवटचं हे कडवट वळण ऐकायलाच हवं असं काही नाही.

माझ्याकडे एका स्नेह्याने सलालाहून आणलेला ओमानी धूपही आहे, दुधी, टणक, मोत्यासारखे थेंब. त्या प्रदेशातल्या धुपाच्या झाडांना आणि जुन्या व्यापारी स्थळांना युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतलं, ते योग्यच झालं. तो धूप निखाऱ्यावर ठेवताच खोली त्याची होते. रेखीव, लिंबासारखा, एकही सूर न चुकलेला. पण दोन्ही लावून पाहिल्यावर माझं मत ठाम झालं आहे. ओमानचा धूप कपड्यांना लावावा, सालईचा घराला. ओमानच्या धुपाची शोभा लावल्या संध्याकाळची असते. सालई पहिल्या संध्याकाळी थोडी रांगडी, थोडी हिरवी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून आत आलं, की पडद्यांत, गादीच्या खोळीत, कपाटाच्या कडेला ती बसलेली असते, रांगडेपणा गेलेला, फक्त राळेचा कोरडा गोडवा उरलेला. उशिरा चढते आणि उशिरा उतरते.

बाळ-बाळंतिणीच्या खोलीत धुरी देण्याची रीत आपल्याकडे होती, काही घरांत अजून आहे. तिच्याबद्दल मला ओढ आहे, पण ती चालू ठेवा असं मी म्हणणार नाही. कोवळ्या फुप्फुसांना धूर तो धूरच, मग तो कितीही सुवासिक असो.

सालईचं सर्वांत सुंदर वाचन मात्र धुरात नाहीच, ते एका नाटकात आहे, आणि ते नाटक लिहिणारा आपल्याकडचा. भवभूतीने आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगितलं आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पद्मपूर, असं दाखवून दिलं. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी पंचवटीला आला आहे, सीता अदृश्य रूपाने तिथेच आहे. एवढ्यात ओरड होते. सीतेने वनवासात स्वतःच्या हाताने सालईचे कोवळे शेंडे भरवून वाढवलेलं हत्तीचं पिल्लू आता मोठं झालं आहे, जोडीदारणीबरोबर पाण्यात खेळताना एका माजलेल्या हत्तीने त्याच्यावर चाल केली आहे. सीता कळवळते, आपल्याच पोरावर संकट आल्यासारखी. पुढे ते पिल्लू जिंकतं, सोंडेने जोडीदारणीला जपतं, आणि सीतेला आपली दोन पोरं आठवतात.

या प्रसंगात भवभूतीने चारा म्हणून दुसरं काहीही घेतलं असतं तरी कथानक अडलं नसतं. ऊस चालला असता, कमळाचे देठ तर संस्कृत कवींचे लाडके. त्याने सालई निवडली. संस्कृतात सालईचं एक नाव गजभक्ष्या आहे, हत्तीचं खाणं, तेव्हा निवडीला कोशाचाही आधार आहे. पण मला वाटतं यात कोशापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं जास्त आहे. सालईचा शेंडा मोडला, की बोटांना चीक लागतो आणि त्याचा वास दिवसभर सुटत नाही. पिल्लाला रोज भरवणाऱ्या हाताला सालईचाच वास येणार आणि पिल्लाला तो हात वासानेच कळणार. भवभूती हे बोलत नाही. त्याने फक्त हात आणि शेंडा शेजारी ठेवले आहेत. बाकीचं ज्याने सालई हाताळली आहे त्याने समजून घ्यायचं. इतवारीतून आणलेला गोळा सोलताना मला हटकून हा अंक आठवतो. २०२१ च्या ऑक्टोबरात रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडकडून गडचिरोलीत शिरला आणि पुढच्या वर्षी गोंदिया जिल्ह्यापर्यंत आला. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ती आपत्तीच होती, त्यात रम्य काही नाही. तरी भवभूतीच्या जिल्ह्यात हत्ती पुन्हा आले, हे वाचून क्षणभर मन त्या अंकात गेलं, हे कबूल करतो.

सालई विदर्भाच्या मांडवातही होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या ग्रंथात कुणब्यांच्या लग्नाचं वर्णन आहे. मांडवात सालईचे किंवा उंबराचे दोन खांब रोवायचे, एक लांब, एक आखूड. लांब तो नवरा, आखूड ती नवरी. आता सालईचं लाकूड काही सागासारखं टिकाऊ नाही. मग तीच का? मला सुचलेलं कारण असं, की सालईची फांदी तोडून जमिनीत खोचली तरी तिला फूट येते. कुंपणाला लावलेले तिचे दांडे पावसाळ्यात पालवतात. नवरा-नवरीच्या खांबाला पालवी फुटावी, यापेक्षा चांगला आशीर्वाद कोणता?

मांडवाबाहेर सालई पंडितांच्या वादातही होती. हेन्री थॉमस कोलब्रुक हा संस्कृतचा पंडित ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून १७९९ मध्ये दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी नागपूरला आला आणि १८०१ पर्यंत होता. पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या नवव्या खंडात त्याने धुपावर एक लेख लिहिला आणि जगाला सांगितलं, की प्राचीनांचा ऑलिबॅनम, म्हणजे फ्रँकिन्सेन्स, हा हिंदुस्थानातल्या सालईचाच डिंक. विधान मोठं होतं, आणि अर्धंच खरं. चर्चमध्ये जळणारा धूप अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरच्या बहिणींचा, हे पुढे मुंबईच्याच दोन डॉक्टरांनी पक्कं केलं. कार्टरने अरबी किनाऱ्यावर जाऊन झाडं पाहिली आणि बर्डवुडने बॉसवेलिया या प्रजातीची शास्त्रीय मांडणी केली. निकाल बरोबर लागला, पण त्या दिवसापासून सालई ‘इंडियन ऑलिबॅनम’ झाली. म्हणजे खरा माल दुसरीकडचा, हा इकडचा. तुलनेतच जगायची शिक्षा.

मधल्या काळात तिला आणखी एक नोकरी लागली, ती विस्तवाशी संबंध नसलेली. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना नेपानगरला उभा राहिला, तो सालईचं लाकूड आणि बांबू यांच्या भरवशावर. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, अजून सहा महिने. ज्या लाकडाला फर्निचरवाले विचारत नव्हते, त्यावर बातम्या छापल्या जाऊ लागल्या. सालईचा डिंक वर्तमानपत्रात बांधून मिळतो तेव्हा मी मनात म्हणतो, जुन्या ओळखीचे एकत्र आले.

तिच्या गुणाची खरी पारख नागपुरात झाली, आणि तीही दवाखान्यात. चरक-सुश्रुतांना शल्लकी ठाऊक होती. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात तिच्या अर्कावर काम केलं, मग तो गोळ्यांत आला. जर्मनीत आमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यातली बॉसवेलिक आम्लं दाह वाढवणाऱ्या एका विकराला, ५-लिपॉक्सिजनेजला, आवर घालतात. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेयोत, गुडघ्याच्या संधिवाताच्या तीस रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना आधी अर्क, अर्ध्यांना आधी नुसती गोळी, मग अदलाबदल, आणि कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. २००३ मध्ये ती ‘फायटोमेडिसिन’मध्ये छापून आली. अर्क घेतलेल्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रेत मात्र काहीच बदल नाही. ही शेवटची ओळ प्रामाणिकपणे छापली, म्हणून मला त्या निबंधाबद्दल विशेष आदर आहे.

याहून रसाळ दुसरी चाचणी, नागपूरचीच, २००७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त आलेली. सहासष्ट रुग्ण, सहा महिने. एका गटाला सालईच्या अर्काची ३३३ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, दुसऱ्याला त्या वेळचं नावाजलेलं वेदनाशामक व्हाल्डेकॉक्सिब. व्हाल्डेकॉक्सिबचा गुण महिन्याभरात दिसला. सालईला दोन महिने लागले. पण गोळ्या बंद केल्यावर व्हाल्डेकॉक्सिबचा गुणही थांबला, सालईचा आणखी महिनाभर टिकून राहिला. गादीच्या खोळीत मी जे हुंगतो, तेच या तक्त्यात आकड्यांनी लिहिलं आहे असं मला वाचताना वाटलं. शास्त्राच्या दृष्टीने या तुलनेला काही अर्थ नाही, हे मला कळतं. तेलाचा वास वेगळा, बॉसवेलिक आम्लं वेगळी, आणि धुरी घेतल्याने कोणाचा गुडघा बरा होत नाही. रुग्णही थोडेच होते. तरी एक गंमत सांगायची राहते. चाचणी छापून येण्याआधीच, २००५ मध्ये, हृदयाला धोका आणि त्वचेवरचे गंभीर दुष्परिणाम यांमुळे व्हाल्डेकॉक्सिब अमेरिकेच्या बाजारातून उठलं होतं.

गोळ्यांमुळे सालईच्या डिंकाला भाव आला आणि झाडाच्या मागे सुरी लागली. उथळ खाच देऊन झाडाला विसावा दिला, तर ते वर्षानुवर्षं देतं. खोल घाव घालून बारा महिने ओरबाडलं, तर वाळतं. रोपं आधीच कमी, त्यात वणवा आणि चराई. इथिओपियातल्या तिच्या बहिणीबद्दल २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी इशारा दिला, की असंच चाललं तर वीस वर्षांत तिथला धूप निम्म्यावर येईल. आपल्या टेकड्यांवर म्हातारी झाडं भरपूर आणि पोरं मोजकी, हे पेंचकडे जाताना कोणालाही दिसेल. डिंक विकत घेताना तो कोणी, कुठून, कसा काढला हे दुकानदाराला विचारा. त्याला ठाऊक नसेल, पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो पुढे विचारील.

आणि एवढं वाचून इतवारीत गेलातच, तर बरबटलेल्या बोटांचं सांगून ठेवतो. नुसत्या पाण्याने चिकटा जात नाही, कारण पाण्यात फक्त गोंद सुटतो. आधी खोबरेल चोळा, राळ सुटेल. मग साबण लावा. तरी वास रात्रीपर्यंत राहील.